तुरीच्या डाळीचा रंग

गेल्या तीस वर्षांत कर्जतमध्ये जन्माला आलेलं निम्मं गाव साळूबाईच्या दुपट्यात गुंडाळलं गेलं, असं फरीदा म्हणते. फरीदाला वाढवून सांगायची खोड आहे. मापाची टेप सोडली तर तिच्याकडे मोजकं असं काही नाही, तेव्हा निम्म्याचं पाव धरा. तरी आकडा काही लहान होत नाही.

फरीदाचं शिलाईचं दुकान बाजारतळामागच्या गल्लीत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक कपाट आणि दारावर ‘लेडीज टेलर’ची पाटी, जिच्यावरचं ‘टे’ कधीच उडून गेलंय. मागच्या दारानं बाहेर पडलं की अंगण, आणि अंगणाच्या पलीकडे साळूबाईच्या दोन खोल्या. अंगण दोघींचं सामाईक. त्यात एक कडुलिंब, त्याच्याखाली तीन दगडांची चूल आणि चुलीवर जर्मनचं मोठं पातेलं, बाहेरून काळंठिक्कर आणि आतून इतक्या वर्षांच्या रंगानं पिवळं पडलेलं. साळूबाईचा मुलगा केडगावला वर्कशॉपमध्ये आहे. आई, आता इकडे राहायला ये, असं तो दर दिवाळीला म्हणतो. ती त्याला चकल्या बांधून देते आणि बसमध्ये बसवून परत येते.

आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिले काही दिवस नवं कापड लावत नाहीत. नवं टोचतं. घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊसूत झालेलं धोतर काढायचं आणि त्याची दुपटी, झबली, टोपडी शिवायची. मराठ्यांच्या घरी हेच आणि फरीदाच्या माहेरीही हेच. धोतर घरातल्या म्हाताऱ्याचं असलं तर फारच चांगलं, त्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात. पण जुनं धोतर कितीही निळीत बुडवलं तरी कळकट दिसतं, आणि बाळ दोन दिवसांत त्यावर काय काय करून ठेवतं ते सांगायला नको. म्हणून ते आधी साळूबाईकडे यायचं. ती त्याला पिवळा रंग द्यायची आणि मग फरीदा ते शिवायची.

हा पिवळा बाजारात मिळत नाही. लिंबासारखा भडक नाही, झेंडूसारखा दांडगा नाही. तुरीच्या डाळीचा रंग, असं साळूबाई म्हणते, तोही पॉलिश न मारलेल्या. त्यात काय काय पडतं हे सगळ्या गावाला पाठ, कारण ते गावानंच टाकून दिलेलं असतं. गोरक्षच्या ज्यूसच्या गाड्यावरून डाळिंबाची सालं. मंगल कार्यालयातल्या आचाऱ्याकडून कांद्याची टरफलं. किराणा दुकानातला हिरडा आणि तुरटी, आणि सगळ्यात शेवटी घरची चमचाभर हळद. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं, मग तुरटीत, मग पातेल्यात. लोखंडाची वस्तू पातेल्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही.

एवढं सोपं. पण शेजारच्या रतनबाईनं एकदा ईर्ष्येनं घरी करून पाहिलं आणि बिडाच्या कढईत उकळलं. दुपट्यावर असा काही शेवाळी काळा रंग चढला की बाळाच्या आत्यानं ते पाहून रडायला सुरुवात केली. रतनबाईनं ते आठ वर्षं स्कूटी पुसायला वापरलं.

साहित्य कुणीही जमवील. कोणत्या उकळीला कापड बाहेर काढायचं, ते साळूबाईच्या नजरेत होतं. पाण्यात रंग दिसतो एक आणि वाळल्यावर राहतो दुसरा, आणि हा दुसरा तिला पाण्यातच दिसायचा. दुसऱ्या कुणी शेजारी वाटीत डाळ ठेवून ताडून पाहिलं असतं. साळूबाईला वाटी लागत नसे, आणि याचा तिला गर्व होता, चांगला घसघशीत गर्व.

“डाळ बघून रंग लावनारीनं वरण करावं,” ती म्हणायची, “रंगाच्या नादी कशाला लागावं?”

बरं, हे ती कुणापाशी शिकली म्हणाल तर कुणापाशीच नाही. तरुणपणी ती लग्नाच्या जेवणावळीत कांदे सोलायला जायची, दिवसाला दोन-दोन पोती. ओल्या टरफलांचा डाग पदराला पडला, तो निघेना. साबण झाला, राख झाली, दगडावर आपटून आपटून पदर विरला, डाग आपला जागच्या जागी. दुसरीनं त्या लुगड्याचं फडकं केलं असतं. साळूबाई चार दिवस त्या डागाकडे बघत बसली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, “जो जातच न्हाई त्यो डाग कसला? त्यो रंग हाय.” आणि उरलेलं अख्खं लुगडं तिनं टरफलांच्या पाण्यात घातलं. नवऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. पुढची कित्येक वर्षं ती नुसती कापडं बिघडवत होती, हे ती स्वतःच सांगते, आणि सांगताना तिला फार मजा येते.

फरीदाचा नवरा बाबाजान गेला तेव्हा मुलगी अरफा चार वर्षांची होती. गल्लीतल्या बायका येऊन रडून गेल्या. साळूबाई रडली नाही, धीर द्यायलाही बसली नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी रंगवलेल्या कापडाचा गठ्ठा घेऊन ती आली आणि तो बंद मशीनवर टाकला.

“शिव,” ती म्हणाली. “बायांना सांगून ठिवलंय म्या. रंग माझा पायजे आसंल तर शिलाई फरीदाची.”

त्या गठ्ठ्यावर अरफा शिकली, नर्स झाली आणि नगरला सावेडीत एका दवाखान्यात लागली. फरीदा हे कधी बोलून दाखवत नाही. पण साळूबाईच्या घरात पाण्याचा हंडा रिकामा तिनं कधी राहू दिला नाही, आणि साळूबाईच्या रंगाला कुणी नाव ठेवलेलं ऐकून घेतलं नाही. दर वेळी पातेल्यातून कापड वर काढलं की साळूबाई काठीवर ते उंच धरून विचारायची, “कसा झालाय?” आणि फरीदा खिडकीतून म्हणायची, “झकास, मावशी!” ही दोघींची जुनी रीत. वीस वर्षं ते खरंच झकास असायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत साळूबाईनं काठीवर एक दुपटं धरलं आणि फरीदाच्या हातातली कात्री थांबली. कापड तपकिरी झालं होतं. जुन्या गुळाच्या ढेपेचा रंग. साळूबाई काठी हलवत होती, चेहरा नेहमीसारखाच खूश.

“कसा झालाय?”

फरीदानं तोंड उघडलं. बंद मशीनवर पडलेला तो गठ्ठा तिला आठवला. “झकास, मावशी,” ती म्हणाली.

पुढच्या खेपेलाही तेच, आणि त्याच्या पुढच्या खेपेलाही. साळूबाई टरफलं जास्त घालत होती, उकळी लांबवत होती, आणि तरी “रंग धरीना आज” म्हणत होती. तिच्या नजरेला कापड फिकं दिसत होतं. फरीदाला एवढंच कळलं की मावशीची नजर चुकायला लागली आहे आणि हे मावशीला सांगणं आपल्याच्यानं होणार नाही. ज्या बाईनं आयुष्यभर वाटी लागत नाही म्हणून मिरवलं, तिला जाऊन सांगायचं कसं?

मग तिनं चोरून दुरुस्ती सुरू केली. पहिल्यांदा तिनं जादा रंग उतरवायला कापड सोड्याच्या पाण्यात घातलं आणि कापडातली हळद कुंकवासारखी लालभडक झाली. दुपटं लाल, बाळाचं बारसं परवावर आणि मावशी अंगणात. घाबरून तिनं दिसेल ते त्यावर ओतलं, त्यात सरबताला पिळलेलं लिंबू होतं, आणि कापड बघता बघता पुन्हा पिवळं झालं. वर थोडं उजळही झालं. तेव्हापासून तिचं तंत्र ठरलं. दुपारी साळूबाई आडवी झाली की कोमट पाण्यात लिंबू पिळायचं, कापड दोनदा त्यातून काढायचं, मग कपाटामागं खिडकीच्या उन्हात वाळवायचं. आणि रंग बरोबर आला का हे बघायला तिच्याकडे साळूबाईची नजर नव्हती, म्हणून मशीनच्या खणात तिनं एका वाटीत मूठभर तूरडाळ ठेवली.

दोन वर्षं गावातली बाळं त्याच जुन्या रंगात झोपली आणि कुणाला काही कळलं नाही. बायका साळूबाईच्या हाताचं कौतुक करत राहिल्या. फरीदाला त्या कौतुकाचा मनापासून आनंद व्हायचा, ही तिची खरी तारीफ. तिच्या जागी मी असते तर एखाद्या दिवशी तरी जीभ घसरली असती.

यंदा ईदला अरफा आली. साळूबाई शिरखुर्मा खायला म्हणून आली आणि चहा ओतताना कपाच्या बाजूलाच ओतत राहिली. अरफानं तिला दारात उजेडाला नेलं, डोळे पाहिले आणि म्हणाली, “मावशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. पिकलाय पार. पुढच्या आठवड्यात येताय माझ्याबरोबर.” मग आईला बाजूला घेऊन तिनं विचारलं, “अम्मी, तू शेजारी राहतेस. तुला कधीच कळलं नाही?”

फरीदा भांडी उचलू लागली.

साळूबाई जायची म्हणून तिला आनंद झाला, आणि धास्तीही वाटली. डोळा उघडला की मावशीला सगळं दिसणार. मावशी माझं तोंड पाहील का पुन्हा, या एका विचारानं तिला भाकरी गोड लागेना.

निघण्याच्या आदल्या दिवशी साळूबाईनं एक काम केलं. गल्लीतल्या पूजाला मुलगा झाला होता. पूजाचा आजा सहादेव मागच्या साली गेला, पणतवंड बघायचं राहिलं म्हणत गेला. त्याची एकच धोतरजोडी पेटीत जपून ठेवलेली होती, दोन पानं. पूजानं ती आणून दिली आणि म्हणाली, बारशाला बाळ यातच ठेवायचं. साळूबाईनं त्यातलं एक पान रंगवलं, दुसरं मागं ठेवलं. रंगवलेलं पान तपकिरी झालं, नेहमीप्रमाणं. “झकास, मावशी,” फरीदा म्हणाली, आणि साळूबाई नगरच्या बसमध्ये बसली.

आधी उजवा डोळा करायचा, डावा दोन महिन्यांनी. पंधरा दिवस अरफाच्या खोलीवर आराम. फरीदानं हिशेब केला, पंधरा दिवसांत तर काय, घरात लिंबाचं सालसुद्धा शिल्लक ठेवायचं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी फरीदा लिंबाच्या पाण्याचा टब भरून बसली होती, तोच पुढच्या दारात साळूबाई उभी. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, खांद्याला पिशवी.

“आराम करून कटाळा आला,” ती म्हणाली. चष्मा काढून ती डोळे बारीक करून बघू लागली आणि एकदम लहान पोरीसारखी बोलायला लागली. “आगं फरीदा, तुझी भिंत निळी हाय व्हय? म्या आपली राखाडी समजत हुते! आन् त्यो कडुलिंब बघितलास का, केवढा हिरवा झालाय!”

फरीदा टबाच्या पुढे जाऊन उभी राहिली, पण टब मोठा आणि फरीदा लहानखुरी. साळूबाईची नजर खुर्चीवरच्या तपकिरी पानावर गेली.

“आगाई,” ती म्हणाली. “ह्ये कुनी नासवलं?”

साळूबाईनं कापड हातात घेतलं, काठ बघितला, स्वतःच घातलेला खुणेचा टाका बघितला. मग तिनं तळहातानं उजवा, नवा डोळा झाकला आणि डाव्यानं कापड पाहिलं. मग डावा झाकून उजव्यानं पाहिलं. पुन्हा एकदा तसंच केलं. नंतर ती खाली बसली. तिच्यासमोर टब होता, टबात लिंबाच्या फोडी होत्या आणि मशीनवर वाटीत तुरीची डाळ.

“कवापासनं?” तिनं विचारलं.

“दोन वर्सं झाली, मावशी.”

“समदी दुपटी?”

“समदी. पर कुनाला ठाव न्हाई. शपथ. अरफाला बी सांगितलं न्हाई.”

साळूबाईनं वाटीतली डाळ बोटानं ढवळली. “म्या तुला इचारत हुते ना गं? दर डावाला इचारत हुते, कसा झालाय म्हनून.”

“तुमचं मन मोडंल म्हनून न्हाई बोलले.”

“माझं मन काचंचं हाय व्हय?” साळूबाईचा आवाज चढला. “एक डाव म्हनली आसतीस ना, मावशी रंग बिघडलाय, तर म्या तवाच डोळं दाखवाया गेले आसते. दोन वर्सं म्या चाचपडत दळान निवडलं. पायरीवरनं दोनदा पडले. मानसाचं तोंड आवाजावरनं वळखत हुते. आन् तू मला म्हनत राह्यलीस, झकास.”

हे फरीदाच्या मनात दोन वर्षांत एकदाही आलं नव्हतं. मावशीचा मान राखायचा, एवढंच तिनं धरून ठेवलं होतं. मावशीच्या डोळ्यांचा विचार तिनं केलाच नाही. ती तिथंच उभी राहून रडायला लागली, आणि साळूबाई ते तपकिरी पान घेऊन निघून गेली.

चार दिवस अंगणात शब्द नाही. फरीदानं पाणी भरून ठेवलं, ते साळूबाईनं वापरलं, पण बोलली नाही. तपकिरी पान तिनं स्वतःच्या दाराला पडद्यासारखं टांगलं, फरीदाच्या खिडकीसमोर. पूजा दोनदा विचारून गेली, बारसं शुक्रवारी आहे, दुपटी झाली का. फरीदानं दोन्ही वेळा “होतील” म्हणून सांगितलं आणि आपलं तोंड आपल्याला खरं बोलताच येत नाही का, म्हणून स्वतःवरच चिडली.

पाचव्या दिवशी सकाळी अंगणात भांड्याचा आवाज झाला. साळूबाईनं पातेलं चुलीवर ठेवलं होतं आणि स्वतः वाऱ्याच्या उलट बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसली होती, एखादी मंत्रीणबाई दौऱ्यावर आल्यासारखी. मांडीवर सहादेवचं उरलेलं पान, रात्रभर हिरड्यात आणि सकाळी तुरटीत भिजवून पिळलेलं.

“डाक्टर धुरात जाऊ नको म्हनलाय,” ती म्हणाली. “पेटव.”

फरीदानं पेटवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती या पातेल्यापाशी बसली होती. साळूबाई सांगत गेली. सालं चार ओंजळी. “माझ्या चार. तुझी ओंजळ म्हंजी चिमनीचं घरटं. तू सा घाल.” टरफलं दोन. हळद कापड टाकताना, आधी नाही. पाणी उकळलं, सालांचा तुरट वास उठला, आणि कापड आत गेलं. फरीदा काठीनं ते खाली-वर करत राहिली. तिला वाटी आणावीशी वाटली. पण हात मोकळा नव्हता.

“डाळ नगं,” साळूबाई म्हणाली. तिनं कसं ओळखलं कोण जाणे. “दोन वर्सं तू ताडतीयास. आता तुला दिसतंय.”

पहिली उकळी गेली. दुसरी गेली. साळूबाईनं चष्मा काढला आणि उजवा डोळा तळहातानं पक्का झाकून घेतला. उघडा राहिला तो डावा, अजून न केलेला.

“उचल,” ती म्हणाली.

फरीदानं कापड काठीवर उचललं. पिवळं पाणी निथळत होतं.

साळूबाईनं डाव्या डोळ्यानं बराच वेळ बघितलं. “रंग धरीना आज,” ती म्हणाली. “फिका हाय. आनखी एक उकळी दे.”

फरीदा कापडाकडे बघत राहिली. पाण्यात रंग दिसतो एक आणि वाळल्यावर राहतो दुसरा. तो दुसरा तिला दिसत होता. काठीवर सहादेवच्या धोतराचं शेवटचं पान होतं, समोर मावशी होती, आणि तोंडात वीस वर्षांचा तयार शब्द होता.

“न्हाई, मावशी,” ती म्हणाली. “झालाय. आनखी ठिवलं तर जाईल. मी काढते.”

साळूबाईनं उजव्या डोळ्यावरचा हात खाली घेतला. कापड पाहिलं. मग फरीदाकडे पाहिलं, अगदी नीट, दोन वर्षांत बघता आली नव्हती तशी.

“मग काढ की,” ती म्हणाली, “माझ्या तोंडाकडं काय बघत बसलीस?”